कन्नड ‘विष्णु विजय’ आणि हिंदी ‘अशांत’ : एकाच शूटिंगमधून दोन सिनेमे कसे निघतात

प्रश्न असा आहे की लहानपणापासून टीव्हीवर अक्षय कुमारचा ‘अशांत’ बघितला, आता कळलं की हाच सिनेमा कन्नडमधे ‘विष्णु विजय’ नावानं आहे, मग यातला ओरिजिनल कुठला आणि डब कुठला, आणि एकाच वेळी दोन भाषांत सिनेमा काढतात म्हणजे नेमकं काय करतात. शिवाय विचारणाऱ्याला स्वतःला पोलिसांवरचा एक छोटा सिनेमा मराठी आणि हिंदीत करायचाय, पैसे बेताचे आहेत, तर सगळं दोनदा शूट करावं का सरळ डब करावं हे ठरत नाहीये. मी आयुष्य एडिटिंगमधे काढलं, सुरुवातीची बरीच वर्षं स्टीनबेक नावाच्या एडिटिंगच्या टेबलावर फिल्म कापत, आणि मूळचा निपाणीचा, त्यामुळं कन्नड लहानपणापासून कानावर, म्हणून मुंबईत कन्नड-हिंदी असं दुहेरी काम आलं की असिस्टंट म्हणून मला बोलवायचे. वर नाव घेतलेल्या सिनेमांवर मी नव्हतो, पण त्याच काळात त्याच पद्धतीनं चाललेली कामं हातून गेलीत. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. दोन्ही ओरिजिनल आहेत. १९९३ चा सिनेमा, डायरेक्टर केशू रामसे, कन्नडचा स्टार विष्णुवर्धन आणि अक्षय कुमार दोघं पोलीस ऑफिसर, आणि हिरोइनी दोन्ही आपल्याकडच्या, अश्विनी भावे आणि ममता कुलकर्णी. आपल्या लोकांना ‘अशी ही बनवाबनवी’ मधली अश्विनी भावे पाठ असते पण ती कन्नड पडद्यावर विष्णुवर्धनसमोर उभी राहिलीय हे फार कमी जणांना माहीत असतं. एकाच युनिटनं एकाच कथेचे दोन सिनेमे केले, दोन भाषांचे वेगळे सीन, वेगळे डायलॉग ट्रॅक, वेगळी सेन्सॉर सर्टिफिकेटं. रिमेक म्हणजे एक सिनेमा होऊन गेल्यावर पुन्हा नव्यानं करणं, आणि डब म्हणजे चित्र तेच ठेवून आवाज बदलणं. हे तिसरंच, याला आमच्यात बायलिंग्वल म्हणायचे, सेटवर तर नुसतं ‘डबल व्हर्जन’.

हे रामसे म्हणजे तेच, भुतांच्या सिनेमांचं घराणं. सात भाऊ आणि कामं वाटून घेतलेली, तुलसी आणि श्याम डायरेक्शन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, कुमार लिखाण. असं घरचंच युनिट असलं की डबल व्हर्जन परवडतं, कारण दुसऱ्या भाषेचा टेक म्हटलं की बाहेरचा कॅमेरामन लगेच घड्याळ बघतो. १९९१ मधे तुलसी-श्याम यांनी विष्णुवर्धनलाच घेऊन ‘पोलीस मत्तु दादा’ हा कन्नड आणि ‘इन्स्पेक्टर धनुष’ हा हिंदी असा जोड सिनेमा आधी केला होता, तोही पोलिसांचाच, संगीता बिजलानी होती त्यात. म्हणजे दोन वर्षांत दोनदा तोच हिरो, तेच घराणं आणि तोच खाकी विषय.

आता मुंबईच्या माणसानं एवढा खटाटोप का केला, हिंदीत करून कन्नडमधे डब का नाही केला, तर करताच येत नव्हता. कर्नाटकात १९६० च्या दशकापासून डबिंगला कडक विरोध होता, कन्नडचे सगळ्यात मोठे नट राजकुमार यांच्यासारखा माणूस त्या आंदोलनात होता, आणि कायद्यात कुठंही बंदी नसताना इंडस्ट्रीनं ती वर्षानुवर्षं पाळली. डब सिनेमाला थिएटर मिळायचं नाही, विषय संपला. शेवटी २०१५ मधे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॉम्पिटिशन कमिशननं कर्नाटक फिल्म चेंबरविरुद्ध निकाल दिला, आणि २०१७ मधे अजितच्या तमिळ सिनेमाचा कन्नड डब ‘सत्यदेव आयपीएस’ थिएटरला लागला, तोसुद्धा पोलिसांचाच. तर १९९१-९३ ला कन्नड प्रेक्षक हवा असेल तर कन्नड तोंडांनी कन्नड बोललेला सिनेमा शूट करणं हाच रस्ता होता. ह्या बंदीवर लोक दोन्ही बाजूंनी भांडतात पण माझं मत सांगतो, तिच्यामुळं कितीतरी कन्नड लेखकांना, नटांना, टेक्निशियनांना काम मिळालं, आणि आम्हाला दोन भाषांत विचार करायची सवय लागली ती नंतर जन्मभर पुरली.

बरं, पण पोलीसच का. हे जरा नीट समजून घ्या कारण तुमचा सिनेमासुद्धा पोलिसांचाच आहे. दुहेरी शूटिंगमधे महाग पडते ती भाषा, आणि भाषा फक्त तोंड दिसतं तिथंच महाग पडते. मारामारी, जीपचा पाठलाग, दार तोडणं, गोळीबार, यात कोण कुठल्या भाषेत बोलतोय याला काही अर्थ नसतो, एकदा शूट केलं की दोन्हीकडं वापरा. त्यात पोलिसांची अर्धी भाषा देशभर सारखीच आहे. एसीपी, कमिशनर, वॉरंट, लॉकअप, एफआयआर, सस्पेंड, ट्रान्स्फर, यस सर. निपाणीचा हवालदार आणि नाशिकचा हवालदार ‘यस सर’ एकाच ओठांनी म्हणतो, त्याचा दुसरा टेक लागत नाही. घरगुती सिनेमा घ्या, जेवणाच्या ताटावर सासू-सुनेचं बोलणं, तिथं शब्दाशब्दाला भाषा बदलते, भांडी बदलतात, साडी नेसायची पद्धत बदलते, तो डबल करायचा म्हणजे खरंच दोन सिनेमे करणं. पोलीस-ॲक्शनमधे तसं नाही, म्हणून ही जोडकामं बहुतेक खाकीतली असायची.

‘विष्णु विजय’ ची कथा बघा, एक ऑफिसर बंगलोरचा, दुसरा मुंबईचा, आणि नावातच दोघं आहेत, विष्णु आणि विजय. मला हे फार आवडतं, कारण अडचण कागदावरच सोडवलीय. कन्नड प्रेक्षकाला त्याचा माणूस त्याच्या गावात दिसतो, हिंदी प्रेक्षकाला मुंबईचा माणूस परगावी आलेला दिसतो, त्यामुळं रस्त्यावर कन्नड पाट्या दिसल्या तरी हिंदीवाल्याला खटकत नाही, कथाच बंगलोरला घडतेय ना. आणि दोघं एसीपी, म्हणजे कमिशनरेट असलेल्या शहरातली पोस्ट, ती मुंबईलाही आहे बंगलोरलाही आहे. पाट्या लपवायला एक पैसा लागला नाही.

आता एक सीन शॉटवार सांगतो म्हणजे हिशोब कळेल. गोडाऊनवर धाड, अगदी नेहमीची. जीप येते तो लाँग शॉट, कॉमन. हिरो दाराला लाथ घालतो, कॉमन. पत्ते खेळणारे गुंड उठून पळतात, कॉमन. मग मारामारी, समजा चाळीस तुकडे, सगळे कॉमन, आणि ते त्या काळी सेकंदाला २४ ऐवजी २० किंवा २२ फ्रेमनं घ्यायचे म्हणजे पडद्यावर हात जोरात चालल्यासारखा दिसतो. मग हिरो म्होरक्याची कॉलर धरतो आणि विचारतो, माल कुठाय. इथं कॅमेरा हिरोच्या पाठीमागं असला तर आपल्याला त्याचा खांदा आणि म्होरक्याचा घाबरलेला चेहरा दिसतो, हिरोचं तोंड दिसतच नाही, शॉट कॉमन, आवाज कुठलाही घाला. नंतर हिरोचा क्लोजअप, तो धमकी देतो, हा दोनदा. म्होरक्या ऐकून आवंढा गिळतो, ही रिॲक्शन, कॉमन. म्होरक्या पत्ता सांगतो, दोनदा. हिरो वळून निघतो, कॉमन, आणि तो पाठमोरा असताना आणखी एक वाक्य घालायचं असेल तर फुकटात घाला. म्हणजे पन्नास शॉटमधे डबल झाले दोन, फार तर तीन. चांगला डायरेक्टर सेटवर जायच्या आधीच लांब वाक्यं पाठीमागून, अंधारातून, फोनच्या आवाजात, वायरलेसवर घालून ठेवतो. वायरलेस ही तर पोलीस सिनेमाला मिळालेली देणगी आहे, अर्धी कथा त्या खरखरीत सांगून होते आणि एकही ओठ दिसत नाही.

फिल्मच्या काळात हा हिशोब पैशाचा होता. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, चारशे फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, साडेचार मिनिटांच्या आत संपतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे पडद्यावरच साडेतेरा हजार फूट, आणि एका शॉटचे चार-पाच टेक धरले तर निगेटिव्ह किती लागते ते तुम्हीच गुणा. सगळं डबल केलं तर प्रोड्युसर बसतो. शिवाय सेटवर आवाज नुसता अंदाजापुरता घ्यायचे, पायलट ट्रॅक म्हणायचो आम्ही, कॅमेऱ्याची घरघर एवढी की तो वापरण्यासारखा नसायचाच, सगळ्यांना नंतर थिएटरमधे येऊन डबिंग करायचंच असायचं, स्वतःच्या भाषेतसुद्धा. तुकडा गोल जोडून लूप करायचा, तो फिरत राहायचा आणि नट त्यावर बोलत राहायचा जोवर ओठ बसत नाहीत तोवर. बॅकग्राउंड म्युझिक आणि इफेक्टचा ट्रॅक एकदाच व्हायचा, त्यावर एकदा कन्नड डायलॉग चढवायचे, एकदा हिंदी.

आणि आता ओठ. इथं माझं कन्नड कामाला आलं. प फ ब भ म म्हणताना ओठ मिटतात, बाकी कशाला मिटत नाहीत, प्रेक्षकाला दुसरं काही कळलं नाही तरी मिटलेले ओठ बरोबर कळतात. हिंदीत ‘मैं’, ‘तुम’, ‘हम’, सगळीकडं ओठ मिटणार. कन्नडमधे मी म्हणजे ‘नानु’, तू म्हणजे ‘नीनु’, ओठ उघडेच. शिवाय जुन्या कन्नडमधल्या शब्दांच्या सुरुवातीचा प पुढं ह झाला, तमिळ माणूस ‘पो’ म्हणतो तिथं कन्नड माणूस ‘होगु’ म्हणतो, तमिळ ‘पाल’ तिथं कन्नड ‘हालु’, त्यामुळं मिटणारे ओठ आणखी कमी. आणि कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतो, वाक्य संपलं तरी तोंड किंचित उघडं राहतं. उलट एक सोय मोठी आहे, कन्नड, हिंदी, मराठी तिन्हीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे बोट नाचवणं, टेबलावर मूठ आपटणं, मान झटकणं हे सगळं वाक्याच्या त्याच जागेवर पडतं. ‘निन्ना बिडल्ला’ आणि ‘तुझे छोड़ूँगा नहीं’, दोन्हीचा दणका शेवटच्या शब्दावर. इंग्रजी सिनेमा हिंदीत ऐकताना जो विचित्रपणा वाटतो तो यामुळं इथं वाटत नाही.

एकदा माझ्या हातून झालेली चूक सांगतो, नाव कुणाचं घेत नाही. दुहेरी सिनेमा होता, डायरेक्टरनं घाईत दोन्ही भाषांना एकच क्लॅप वापरला, खडूनं कोपऱ्यात के किंवा एच लिहायचं, आणि एका टेकला ते पुसट झालं. मी रशेस, म्हणजे शूटिंगचे कच्चे तुकडे, लावताना तो क्लोजअप हिंदीच्या रिळात लावला. आठ-दहा दिवसांनी डबिंगला तो लूप लागला, हिरोचं वाक्य ‘मैं’ नं सुरू, आणि काही केल्या बसेना. हिरोनं पंधरा-वीस वेळा करून बघितलं, मागं सरकवलं, पुढं ओढलं, शेवटी वैतागून खुर्चीत बसला. मी मागं उभा होतो, लूप पुन्हा फिरला आणि एकदम दिसलं की ओठ सुरुवातीला मिटतच नाहीयेत, हा माणूस ‘नानु’ म्हणतोय. मग रात्रभर बसून एनजीच्या, म्हणजे बाद टेकच्या, डब्यांतून तुकडे काढत हिंदी टेक शोधला, फिल्मच्या काठावरचे नंबर भिंगातून वाचत, पहाटे चारला सापडला. त्या दिवसापासून मी हिंदीला पिवळी पाटी आणि कन्नडला पांढरी पाटी असल्याशिवाय काम घेतलं नाही, आणि टेकच्या आधी असिस्टंटनं भाषेचं नाव मोठ्यानं ओरडायचं हा नियम केला.

उलट उदाहरणही बघून ठेवा. १९९१ मधेच कन्नडचा हिरो-डायरेक्टर रविचंद्रननं ‘शांती क्रांती’ केला, पोलीस ॲक्शनच, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदी अशा चार भाषांत एकदम. कन्नडमधे हिरो तो स्वतः, तेलुगूत नागार्जुन, तमिळ आणि हिंदीत रजनीकांत, हिरोइन जुही चावला. धाडस प्रचंड होतं, मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण एडिटर म्हणून विचार करा, हिरोच बदलला तर मघाशी मी जे कॉमन कॉमन म्हणत होतो त्यातलं निम्मं गेलं. लाथ घालणारा पाय कुणाचा, जीपमधून उतरतो तो कोण, सगळं पुन्हा घ्या. सिनेमा आपटला आणि रविचंद्रनला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. त्यात रजनीकांत म्हणजे बंगलोरला वाढलेला मराठी घरातला माणूस, कन्नड त्याला घरच्यासारखं, आणि नेमकी कन्नड व्हर्जन सोडून तो बाकीच्या दोन भाषांत, हे मला अजून चुटपुट लावतं.

वर्दीकडं लक्ष ठेवा, हे लोक विसरतात. कर्नाटकात कॉन्स्टेबलच्या डोक्यावर कितीतरी दशकं एका बाजूनं दुमडलेली हॅट असायची, आत्ता आत्ता ती बदलायला घेतलीय, आणि मुंबईच्या शिपायाला ती कधीच नव्हती. मागं गर्दीत उभा असलेला एक शिपाई सगळं गाव सांगून टाकतो. आयपीएस ऑफिसरची वर्दी मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच, खांद्यावर राज्याच्या नावाऐवजी आयपीएस, म्हणून हिरो मोठा ऑफिसर असणं प्रोडक्शनच्या सोयीचं. बाकी स्टेशनचा बोर्ड, टेबलावरची पाटी, पेपरातली हेडलाइन, आरोपीची फाइल, हे इन्सर्ट सगळे एका दुपारी एका टेबलावर दोन्ही भाषांत उरकून घ्यायचे, शूटिंगच्या गडबडीत ठेवले तर हमखास राहतात.

आणि हे काही साउथनं आपल्याला शिकवलं असं नाही. पुण्यात प्रभातनं १९३९ मधे ‘माणूस’ आणि ‘आदमी’ बरोबरच केले, त्याचा हिरो पोलीस शिपाईच होता, मराठीत त्याचं नाव गणपत आणि हिंदीत मोती, दोन्हीकडं शाहू मोडक. समोर शांता हुबळीकर, त्या हुबळीकडच्या, कन्नड मुलखातून येऊन मराठी आणि हिंदी दोन्ही पडद्यांवर बोलल्या, आणि ‘कशाला उद्याची बात’ मधे तर निरनिराळ्या भाषांची कडवी आहेत. त्या वेळी आवाज सेटवरच घ्यायचे, नंतर डब करून सावरायची सोय नव्हती, म्हणजे बोलण्याचा प्रत्येक शॉट खरोखर दोनदा. मी ते दोन्ही सिनेमे शेजारी लावून बघितलेत, एकच माणूस मराठीत वेगळा उभा राहतो आणि हिंदीत वेगळा, डब सिनेमात हे कधी मिळणार नाही.

आता तुमचं काम. मराठी-हिंदी जोडी कन्नड-हिंदीपेक्षा खूप सोपी आहे. मी आणि मैं, तू आणि तू, आम्ही आणि हम, नाही आणि नहीं, ओठ जवळजवळ सारखे. ‘पळ’ आणि ‘भाग’ दोन्ही ओठ मिटून सुरू होतात, चालतात. पण ‘थांब’ आणि ‘रुक’ घ्या, थांब संपताना ओठ घट्ट मिटतात आणि रुकला मिटत नाहीत, पोलीस सिनेमात हा शब्द पन्नास वेळा येणार आणि तोही क्लोजअपमधे ओरडून. ‘सांग’ आणि ‘बता’ तसंच उलटं. म्हणून सगळा सिनेमा दोनदा शूट करू नका आणि सगळा डबही करू नका. स्क्रिप्टमधली क्लोजअपची वाक्यं दोन्ही भाषांत मोबाइलवर स्वतः बोलून रेकॉर्ड करा, आवाज बंद करून बघा, जिथं ओठ भांडतात तेवढीच दोनदा घ्या. काही ठिकाणी नुसता शब्द बदलून भागतं, बताच्या जागी बोल घाला आणि मराठीतही बोलच ठेवा, झालं.

दोनदा घ्यायचं ते लागोपाठ घ्या, लाइट न हलवता, कॅमेरा न हलवता. रिहर्सल नटाच्या पक्क्या भाषेत करा म्हणजे भावना बसते, पण पहिला टेक कच्च्या भाषेत घ्या, कारण पाठांतर ताजं असतं, दमल्यावर स्वतःची भाषा माणूस निभावून नेतो. आणि नटाला भाषा येत नाही म्हणून सेटवर एक-दोन-तीन-चार असे आकडे म्हणायला लावायची जी पद्धत आहे ती कृपा करून वापरू नका, आवाज नंतर बसेलही पण डोळ्यांत काही नसतं आणि ते कुठल्याच डबिंगनं येत नाही. हल्ली डिजिटलमधे फिल्मचा खर्च नाही म्हणून लोक ढीगभर टेक घेतात आणि एडिटिंगला येऊन रडतात, तर फाइलच्या नावात भाषा पहिल्या दिवसापासून घाला, म आणि ह, आणि फोल्डर वेगळे. साउंडवाल्याला आधीच सांगा की डायलॉग, म्युझिक आणि इफेक्ट तिन्ही वेगवेगळे हवेत, शेवटी मागितलं की एकत्र केलेलं हातात देतात आणि मग दुसऱ्या भाषेसाठी पावलांचे आवाजसुद्धा पुन्हा करावे लागतात. दोन्ही व्हर्जनचं सेन्सॉर वेगळं होणार, त्याची फी आणि दिवस बजेटमधे धरा.

आज रात्री एवढंच करा, तुमच्या स्क्रिप्टमधला सगळ्यात जास्त बोलण्याचा सीन घ्या, बहुतेक चौकशीच्या खोलीतला असेल, आणि वरच्या गोडाऊनसारखा शॉटवार लिहून प्रत्येकापुढं कॉमन किंवा डबल लिहा. प्रत्येक डबलला वीस मिनिटं जादा धरा. अख्ख्या सिनेमात शंभरातले पंचवीस-तीस डबल निघाले तर तुमच्या पैशात बसेल, त्याच्यावर गेले तर आरोपीला खिडकीकडं तोंड करून उभा करा आणि पुन्हा मोजा.